लेझरचा पोळा

दुरुस्तीसाठी मी कुठेही पोचले, की गिऱ्हाईक आधी माझ्या मागे बघायचं. हातात पिशवी घेऊन आलेल्या या बाईच्या पाठोपाठ इंजिनियर येत असणार, अशी त्यांची खात्री असायची. छत्तीसगडमधल्या एका कारखान्यात तर मला पंख्याखाली बसवून, पाणी देऊन, मालकांनी अदबीनं विचारलं होतं, "साहब कब तक आएँगे?" मी पाणी संपवलं, म्हटलं, "आ गए, पानी भी पी लिया," आणि पिशवीतून पेचकस काढला. पुढे कितीतरी दिवस त्या कारखान्यातून फोन आला की मलाच विचारायचे, "साहब हैं क्या?" मी म्हणायची, आहेत, बोला.

मी लेझर दुरुस्त करायची. वर्ध्याजवळ नालवाडीत आमचं घर. तिथून मध्य भारतात जिथे म्हणून कंपनीचा लेझर रुसला असेल तिथे रेल्वेनं, एसटीनं, कधी मिळेल त्या ट्रॅक्टरनं जायची. शेजारच्या वहिनींना माझं काम शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा त्यांनी गालावरचा चामखीळ दाखवून विचारलं, "तुमच्याकडून होईल का हो, घरच्या घरी?"

तर काम काय होतं ते आधी सांगते. आमचे लेझर म्हणजे काचेच्या तंतूचं वेटोळं. केसाएवढा बारीक तंतू, दोन्ही टोकं जोडून त्याचं कडं केलेलं, आणि त्यात प्रकाश गरगर फिरतोय. तो प्रकाश डोळ्यांना दिसतही नाही. त्यात असंख्य लहरी असतात, आणि त्या सोडल्या तर जिला वाटेल तशी नाचते. गावच्या भजनी मंडळात तीस-चाळीस टाळ असतात. जो तो आपल्या मनानं वाजवू लागला तर नुसती खणखण होते. पण सगळे टाळ एकाच क्षणी आपटले, तर एक ठोका असा पडतो की देवळाचे पत्रे हालतात. लहरींना असं एका ठोक्यावर आणणं म्हणजे मोडलॉक, आणि त्या ठोक्याला आम्ही पल्स म्हणतो. ही पल्स इतकी आखूड असते की तिच्यापुढे डोळ्याची पापणी लवणं म्हणजे युग. आखूड असते म्हणूनच डोळ्याच्या ऑपरेशनात ती बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला नेमका छेद देते आणि बाजूच्या भागाला पत्ताही लागत नाही.

सगळे ठोके सारख्या जोराचे आणि सारख्या अंतरानं पडले पाहिजेत. एखादा जोरात, एखादा मलूल, एखादा जरा आधी, एखादा मागाहून, असं होऊ लागलं की आम्ही म्हणतो, नॉईज आला. कानाला यातलं काहीही ऐकू येत नाही. माझी अख्खी नोकरी या ऐकू न येणाऱ्या गोंगाटाचा माग काढण्यात गेली.

आणि तो सापडायचा कुठे? एका डोळ्यांच्या दवाखान्यातला लेझर ऐन मे महिन्यात रोज दुपारी बिघडायचा आणि संध्याकाळी शहाण्यासारखा वागायचा. डॉक्टरांनी मशीनची पत्रिका तेवढी दाखवायची बाकी ठेवली होती. मी दुपारभर त्या खोलीत बसून राहिले. एसी पुरत नाही म्हणून कोणीतरी दुपारी कूलर लावत होतं, आणि आपल्याकडचे लोखंडी कूलर कसे थरथरतात ते काय सांगायचं. त्या कूलरचा पाय मशीनच्या टेबलाला टेकलेला होता. मी कूलर हातभर सरकवला. "एवढंच?" डॉक्टर म्हणाले. आमच्या धंद्यात हा शब्द सगळ्यात जास्त ऐकावा लागतो. मी म्हटलं, एवढंच, पण कोणता हातभर ते शोधायला आले होते.

मजेचं काम होतं, खोटं कशाला सांगू. एक खंत मात्र होती. आम्हाला बोलावणं यायचं ते फक्त बिघाडाचं. लेझर नीट झाला की आम्ही पिशवी भरायची आणि गाडी गाठायची. त्या लेझरनं पुढे कोणाला दृष्टी आली, कोणाचं संशोधन झालं, यातलं काही आमच्यापर्यंत पोचायचं नाही. नांदता लेझर बघायला या, असं मला इतक्या वर्षांत कोणीही म्हटलं नाही. मी निवृत्त झाले तेव्हा मनात हेच होतं, आणि कंपनीनं दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळानं त्यात काही फरक पडला नाही.

आता खरी गोष्ट. ती निवृत्तीनंतरची आहे.

माधुरी ही नाचणगावची मुलगी. घरची शेती भाजीपाल्याची. वडील पुलगावच्या बाजारात वांगी, मेथी आणि सांभार म्हणजे आपली कोथिंबीर घेऊन बसतात. वर्ध्याबाहेरच्या एका कॉलेजात ती पीएचडी करत होती आणि त्यासाठी स्वतःच्या हातानं एक तंतूचा लेझर बांधत होती. माझं नाव कुठूनतरी कळलं म्हणून घरी आली. माझ्याकडे जुने सुटे भाग पडलेले होते, ते मी तिला दिले. तेव्हापासून ती अडली की यायची, येताना वांग्यांची पिशवी आणायची आणि जाताना माझं डोकं खाऊन जायची. मला ती पोर फार आवडायची. लेझर मात्र मी कधी बघितला नव्हता. ती फोटो दाखवायची, आणि फोटोत सगळेच लेझर गुणी दिसतात.

तिचा लेझर एकदाचा मोडलॉक झाला तो संक्रांतीच्या सुमाराला. काचेचा तंतू तीन चकत्यांवर गुंडाळलेला असतो. त्या चकत्या जराशा फिरवल्या की तंतूतल्या प्रकाशाचा कल बदलतो, आणि एखाद्याच जागी सगळे टाळ एकत्र पडतात. ती जागा तिला अनेक महिन्यांनी सापडली होती. म्हणून तिनं तो इन्व्हर्टरवर घेतला आणि बंदच केला नाही. दारावर कागद लावला: 'लेझर चालू आहे. हात लावू नये.' श्रावण आला तरी तो चालूच होता. तिचे मार्गदर्शक सर आलेल्या-गेलेल्याला दारातून लेझर दाखवायचे. अतिशय आखूड आणि अतिशय स्थिर पल्स, असा प्रबंध टाइप होऊन तयार होता. पोळा झाला की सादर करायचा होता, आणि बाहेरचे परीक्षक येणार होते.

त्या प्रयोगशाळेत नामदेवराव नावाचे परिचर होते. मुलं त्यांना मामा म्हणायची. देवळीकडे थोडी शेती, घरी बैलजोडी, आणि पोट भरायला कॉलेजची नोकरी. लेझर लागल्यापासून ते त्या खोलीत चप्पल घालून गेले नव्हते आणि झाडूसुद्धा दबकत मारायचे. लेझरवर माधुरीच्या खालोखाल कोणाचा जीव असेल तर त्यांचा.

पोळ्याच्या दिवशी सकाळी माझं पुरण शिजत होतं, तेवढ्यात माधुरीचा फोन आला.

"काकू, लेझर बंद हाय. कोनीतरी बंद केला."

"किती वेळ झाला?"

"मी आली तवा थंडगार होता. तुमी या ना काकू."

पुरण नवऱ्याच्या हवाली केलं आणि स्कूटर काढली.

प्रयोगशाळेत गेले तर माधुरी स्टुलावर तोंड झाकून बसलेली, आणि नामदेवराव दाराच्या चौकटीला चिकटून उभे. टेबलावर लेझरची पेटी. तिची पिन काढून वायर नीट गुंडाळून ठेवलेली. पेटीच्या झाकणावर दोन्ही बाजूंना हळद आणि लोणी माखलेलं आणि शेजारी पळसाचं एक पान. मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांचे खांदे शेकतात ना, ते लेझरचे शेकले होते.

"म्या केलं जी बाई," नामदेवराव म्हणाले. "संक्रांतीपासून जुपला हाय थो. एक दिवस त्याच्या मानेवरचं जू काढलं नाई कोनं. काल घरच्या बैलाईचे खांदे शेकले अन् इथं कुलूप लावाले आलो, त थो आपला चालूनच राह्यला. माह्या जिवाले कसंच तरी झालं. म्हटलं, एक रात आराम करू द्या त्याले."

"आणि बैलांना देतात तसं जेवणाचं आवतन दिलंत?"

"देलं ना. कानात सांगतलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"कोनत्या कानात, मामा?" माधुरीनं रडता रडता विचारलं.

त्यांनी गंभीरपणे पेटीच्या मागच्या पंख्याच्या जाळीकडे बोट केलं. माधुरीला हसू फुटलं आणि हसता हसता ती आणखी रडली.

नामदेवरावांना मी काय बोलणार? कूलर टेकवणारे पाहिले होते, मशीनवर चहा सांडणारे पाहिले होते. मशीन थकलं असेल म्हणून जीव तुटलेला माणूस माझ्या नोकरीत पहिलाच. पण नुकसान व्हायचं ते झालं होतं. महिनोन्महिने ऊबेत असलेली काच थंड झाली की चकत्यांची जुनी जागा जुनी राहत नाही. लोणी पुसलं, लेझर लावला, तो तापेपर्यंत वाट पाहिली आणि मी चकत्या फिरवायला बसले.

बऱ्याच वेळानं लेझर मोडलॉक झाला. प्रकाशात कोणते रंग किती आहेत ते दाखवणारा एक पडदा असतो, त्यावर एक टेकडी उमटते. या वेळी आलेली टेकडी अरुंद होती आणि तिच्या दोन्ही उतारांवर बारीक, टोकदार शिंगं होती.

"हा आपला नाई काकू," माधुरी म्हणाली. "आपल्याची टेकडी रुंद होती. गुळगुळीत. हे शिंगं नोते."

टेकडी रुंद म्हणजे पल्स आखूड, असा साधारण हिशेब असतो. तिचा सगळा प्रबंध त्या रुंद टेकडीवर उभा होता. मी लेझर एकदा बंद करून पुन्हा लावला. शिंगंवाली टेकडी आपोआप परत आली. पुन्हा केलं, पुन्हा आली. हट्टी दिसतेय, म्हटलं, आणि चकत्या फिरवत राहिले. जेवणाची वेळ टळून गेल्यावर ती रुंद, गुळगुळीत टेकडी सापडली. माधुरीनं हात जोडले. सरांना फोन केला. सर म्हणाले, आता तिला कोणाचा श्वाससुद्धा लागू देऊ नका. नामदेवरावांनी डोळे पुसले.

मी पिशवी भरायला घेतली, पण हात चालेना. ती टेकडी फारच गुळगुळीत होती. असं सोंग मी नोकरीत दोन ठिकाणी पाहिलं होतं.

"माधुरी, पल्सची लांबी कशी मोजलीस ते दाखव जरा."

तिनं मोजायचं यंत्र लावलं. पडद्यावर एक सुरेख बारीक सुळका उभा राहिला.

"आणि त्याच्या आजूबाजूला?"

"आजूबाजूले शून्य हाय काकू."

"शून्य मोजलंस, की धरलंस?"

ती कळफलकाकडे वळली आणि सुळक्याच्या आसपासचा आणखी भाग दिसेल असा पडदा ताणत गेली. सुळक्याच्या दोन्ही बाजूंची ती शून्याची सपाट रेघ हळूहळू खाली वळली आणि लांबवर उतरत गेली. सुळका जमिनीवर उभा नव्हताच, तो एका मोठ्या पठाराच्या डोक्यावर उभा होता. गच्चीवर उभं राहून तिलाच अंगण समजावं, तसं झालं होतं.

मला काही सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग शांत झाला.

"ही एक पल्स नाई," ती म्हणाली. "पल्सचा गठ्ठा हाय. आतमधी नुसता गोंधळ, अन् दर खेपेले येगळा. मी सरासरी पाहत गेली, अन् सरासरी सारखीच येत गेली."

दारातून नामदेवरावांनी मला हळूच विचारलं, "आता त चालू झाला ना बाई? मंग पोरगी काऊन अशी करून राह्यली?"

मी त्यांना भजनाचं सांगितलं. देवळाबाहेरून ऐकलं तर एक ठोका वाटतो, आत जाऊन बसलं तर जो तो आपला टाळ कुटतोय. ते स्वतः गावच्या मंडळात टाळ वाजवतात, त्यांना चटकन समजलं.

"म्हंजे संक्रांतीपासून थो नुसतं ढोंग करून राह्यला होता?"

"हो."

"अन् म्या त्याले लोनी लावलं," ते खरोखरच दुखावून म्हणाले.

काय पणाला लागलंय ते आम्हा तिघांनाही दिसत होतं. प्रबंध तयार होता. लेझर सरांच्या मनासारखा चालू होता. पठार लपवायला काही करावंही लागणार नव्हतं, पडदा ताणला नाही की झालं. आणि दुसऱ्या बाजूला इतक्या वर्षांचं काम, संपलेली शिष्यवृत्ती, आणि पुलगावच्या बाजारात शेजारच्या प्रत्येक दुकानाला 'पोरीचं झालं बरं का' असं सांगून बसलेला बाप.

"काकू, तुमी असत्या त का केलं असतं?"

मी खरं तेच बोलले. "मी दुरुस्तीवाली गं. चालू करते आणि निघून जाते. पुढचं मला कधी कोणी विचारलंच नाही."

ती उठली आणि भिंतीशी जाऊन तिनं स्वतःच्या हातानं पिन काढली.

"पोळा हाय आज," ती म्हणाली. "राहू द्या त्याले."

तिथून ती माझ्याबरोबर घरी आली. आमच्या ओसरीवरून तिनं सरांना फोन करून पठाराचं सांगितलं, हा प्रबंध देणार नाही म्हणाली. सर केवढ्यानं बोलत होते ते ओसरीबाहेरही ऐकू येत होतं. ती नुसती 'हो सर' म्हणत होती. मग आत आली आणि पुरणपोळीवर तुटून पडली. माणूस बरोबर निर्णय घेतो तेव्हा त्याला सपाटून भूक लागते, हे मी तिच्याकडे बघून शिकले. सरांचं म्हणाल तर ते दोन-तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी स्वतः प्रयोगशाळेत येऊन तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "दाखव ते पठार." बाजारातल्या बापानं तर एकच प्रश्न विचारला म्हणे: "आता खरं करून राह्यली ना? मंग कर."

पुढे पोरीनं लेझर नव्यानं बांधला. चकत्या काढून टाकल्या. आपला कल सोडत नाही असा ताठ स्वभावाचा तंतू घेतला. कड्यात एक इवलासा आरसा बसवला. मंद प्रकाश आला तर तो गिळतो आणि जोरदार ठोका आला तर परत फेकतो. म्हणजे लहरींना एकत्र येण्यावाचून गतीच उरत नाही. टेकडी आली ती शिंगांसकट आली; पोळ्याच्या दिवशी आम्ही हट्टी म्हणून टाळलेली तीच खरी होती. पल्स आधी लिहिली होती तेवढी आखूड नव्हती, बरीच लांब होती. पण एक होती, आणि दर खेपेला तीच होती.

दारावरचा जुना कागदही तिनं काढला. नवा लावला: 'लेझर रोज संध्याकाळी बंद करावा.' हे काम नामदेवरावांकडे दिलं. संध्याकाळी ते बंद करायचे, सकाळी लावायचे, आणि लेझर तसाच उठतो की नाही ते ती बघायची. उन्हाळ्यात एसी बंद असताना, थंडीत, वीज खालीवर होत असताना. नामदेवराव मला भेटले की सांगायचे, "सांजच्याले सोडतो जी, सकाळी जुपतो. गुणाचा हाय हा." जुन्याचं नाव ते काढत नसत.

प्रबंध झाला. तोंडी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी माधुरी आमच्याकडे आली. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. मी पिशवी शोधू लागले. तिनं मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि म्हणाली, "आज आवतन घ्या काकू, उद्या जेवाले या."

मी हसायला गेले आणि मला हसता आलं नाही. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते बोलावणं पुरणपोळीच्या भाषेत येईल असं वाटलं नव्हतं. मी नवऱ्याला हाक मारली आणि ठेवणीतली साडी काढायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत माधुरीचे वडील, सर, नामदेवराव, मी आणि बाहेरचे परीक्षक. परीक्षक सडसडीत, कोरडे गृहस्थ. सगळं ऐकून घेतलं, प्रबंधातलं पठाराचं प्रकरण दोनदा वाचलं, आणि चष्मा काढून विचारलं, "स्थिर आहे म्हणता. सलग किती काळ चालवलाय?"

माधुरी पुढे झाली आणि तिनं लेझर बंद केला.

पडदा सपाट झाला. सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. वडिलांना काही कळलं नाही, पण तेही पडद्याकडे बघायला पुढे झुकले. माधुरी दाराकडे वळली. "मामा, जुपा."

नामदेवराव पुढे आले, सदऱ्याला हात पुसले आणि बटण दाबलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. तो थोडा वेळ मला फार मोठा वाटला. मग टेकडी उमटली, दोन्ही बाजूंना शिंगं घेऊन, होती तिथेच आणि होती तशीच.

"पुन्हा," परीक्षक म्हणाले. मग पुढच्या खेपेला ते स्वतःच उठले. बंद करायचे, लावायचे, बघायचे. चेहऱ्यावरचा कोरडेपणा पार गेला होता. नामदेवराव माझ्या कानाशी कुजबुजले, "बाई, सांगा ना त्याईले, आता त्याले जरा दम घेऊ द्या म्हना."

तेव्हा कुठे परीक्षकांचं माझ्याकडे नीट लक्ष गेलं. त्यांनी निरखून पाहिलं आणि ओळखलं. त्यांच्या प्रयोगशाळेतला लेझर मी एकदा दुरुस्त केला होता.

"अरे, तुम्ही इथे?" ते दचकून म्हणाले. "म्हणजे काही बिघडलंय का?"

"नाही सर," माधुरी म्हणाली. "काहीच बिघडलेलं नाही. त्यांना आवतन आहे."